डोळ्यावरची पेनी

वॉर्डल नावाचा माणूस बर्मिंगहॅमहून चारच्या सुमारास यायचा होता, आणि तो यायच्या आधी जेवणातलं हॅम संपलेलं बरं, एवढंच थर्झाच्या मनात होतं. बाकीचं तिच्या धाकट्या भावानं, हॉरेसनं ठरवलं होतं. वडिलांना सकाळी पुरायचं आणि दुपारी त्यांची तांब्याची नाणी विकायची, हा बेत त्याचाच. दोन्ही कामांना एकच काळा कोट पुरतो, असं त्याचं म्हणणं होतं.

जोब टिबेट्सना सकाळी चॅपेलमागच्या चढावर मातीआड केलं होतं. क्रॅडली हीथमधल्या निम्म्या साखळ्या घडवणाऱ्यांनी टोप्या काढल्या. उरलेले अर्धे आधीच त्या चढावर होते. आता पुढच्या खोलीत फक्त घरची माणसं उरली होती. हॉरेस आणि त्याची बायको ऑलिव्ह खिडकीशी बसली होती. धाकटी म्युरिएल आणि तिचा नवरा क्लिफर्ड त्यांच्या समोरच्या भिंतीला, मध्ये टेबल येईल अशा बेतानं. शेकोटीजवळच्या खुर्चीत केझायाआत्या, जोबची थोरली बहीण, वय ऐंशीच्या पुढं. तिला टिबेट्सांचे सगळे मेलेले पाठ होते आणि जिवंतांची नावं अधूनमधून विचारावी लागत.

"थर्झा," म्युरिएल म्हणाली, "त्याला विचार, हा वॉर्डल भरवशाचा आहे का."

"थर्झा, तिला सांग," हॉरेस म्हणाला, "तिच्या नवऱ्यापेक्षा आहे."

आईच्या शिवणयंत्रावरून दोघांचं बोलणं बंद झालं त्याला नऊ वर्षं होत आली होती. यंत्र तेव्हापासून थर्झाच्या माळ्यावर होतं आणि कुणीच त्यावर काही शिवत नव्हतं.

"दोघांनीही ऐकलंय," थर्झा म्हणाली. "कांदे घ्या. मुरलेत चांगले."

एका गोष्टीवर मात्र भावाबहिणीचं एकमत होतं. घरमालक घरांची ही सगळी ओळ विकायला निघाला होता. भाडेकरूंना पहिला हक्क, पण पंचवीस मार्चपर्यंत. त्यानंतर जो येईल त्याला. जोबनं वर्षभरापूर्वीच तिघांना समोर बसवून सांगून ठेवलं होतं: तांबं विका आणि घर थर्झाच्या नावावर करा. अकरा वर्षं तिनं माझं केलंय. यावर ना हॉरेस काही बोलला ना म्युरिएल. कारण घर गेलं असतं तर थर्झाला कुणीतरी आपल्याकडं न्यावं लागलं असतं. हॉरेस आपल्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहत होता. म्युरिएलकडं एक खोली जादा होती, पण ती पाहुण्यांची होती. पाहुणे कधी येत नसत, तरी खोली त्यांचीच.

वॉर्डल वेळेवर आला. उंच, किडकिडीत, पडसं झालेला माणूस. त्यानं टोपी काढली, आत्याला वाकून नमस्कार केला, चहा घेतला, केकचा एक तुकडाही घेतला. मग बॅगेतून भिंग काढून तो टेबलाशी बसला. हॉरेसनं वरच्या खोलीतून महॉगनीचं कपाट आणलं. बारा सपाट खण, प्रत्येक खणात हिरव्या बनातीवर गोल खाचा, प्रत्येक खाचेत एक नाणं. जोबनं चाळीस वर्षं जमवलेलं. पेनी, हाफपेनी, पाव पेनीचा फार्दिंग. फार्दिंगचेही तुकडे: माल्टासाठी पाडलेला तिसरा हिस्सा, सिलोनसाठी पाडलेला चौथा, जो शर्टाच्या बटणाएवढा होता आणि जोब तो चिमट्याशिवाय उचलू देत नसे. नाण्यावरच्या ब्रिटानियादेवीच्या हातातल्या त्रिशूळाच्या दांड्यावर नक्षी आहे की दांडा साधा, एवढ्यावरून त्यानं दोन खण वेगळे केले होते. बायको जिवंत असताना तिनं एकदा विचारलं होतं की यात फरक काय. त्यावर तो तिच्याशी आठवडाभर फक्त हवेबद्दल बोलला.

हॉरेसनं पहिला खण ओढला.

खणातून उजेड आला. सगळी नाणी नव्या कोऱ्या पातेल्याच्या बुडासारखी गुलाबी चमकत होती. खिडकीतलं ऊन त्यांच्यावर पडून छतावर गोल गोल कवडसे उमटले.

वॉर्डलनं भिंग खाली ठेवलं. दुसरा खण ओढला. तिसरा ओढला.

"हे कशानं केलं?" त्यानं विचारलं.

"पितळेच्या पॉलिशनं," ऑलिव्ह म्हणाली. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता. "आणि बारक्यांना काडीला कापूस गुंडाळून."

"वेळ लागला असेल."

"शनिवार सगळा. थर्झा पाद्रीबाबांकडं आणि मृत्यूनोंदणीच्या कचेरीत गेली होती. मी आले होते घर आवरायला. दाराची कडी झाली, शेकोटीपुढचा कठडा झाला, म्हटलं आता हेच राहिलंय. माणूस बघायला येणार, आणि पैसे असे काळेकुट्ट! लोक म्हणतील, या घरात बाईमाणूस नाही का."

घरातलं बाईमाणूस थर्झा होती. तिचं लक्ष छतावरच्या कवडशांकडं होतं. ते हलत होते, कारण टेबल हलत होतं, कारण हॉरेस त्यावर बोटं आपटत होता.

"बाई," वॉर्डल म्हणाला, आणि नाक पुसायला थांबला. "तांब्याच्या नाण्याला शंभर वर्षांत एक कातडी येते. तपकिरी. माझं गिऱ्हाईक ती कातडी विकत घेतं. नाणं तिच्याबरोबर जातं."

"म्हणजे?"

"म्हणजे आता फक्त नाणं उरलंय."

"किती येतील याचे?" हॉरेसनं विचारलं.

"भंगाराच्या भावापेक्षा थोडे जास्त. कपाट चांगलं आहे. कपाट मी घेईन."

"तीस वर्षं," म्युरिएल म्हणाली. "तीस वर्षं झाली त्या बाईला या घरात येऊन, आणि बाबांनी तिला त्या कपाटाला एकदाही हात लावू दिला नाही. का दिला नाही ते आता कळलं. हेल्सोवेनची माणसं. दिसेल ते घासायचं."

हेल्सोवेन तिथून दोन मैलांवर होतं. टिबेट्सांच्या घरात ते परदेशात मोडत होतं.

ऑलिव्हच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पूर्ण गेलं नव्हतं. कुठं जावं ते त्याला कळत नव्हतं. "मी म्हटलं, जिवंतपणी नाही, तर निदान शेवटचं तरी काही त्यांचं करावं," ती म्हणाली.

"केलंस! चांगलं शेवटचं केलंस!"

"म्युरिएल, तोंड सांभाळ," हॉरेस म्हणाला.

सगळी खोली त्याच्याकडं वळली. नऊ वर्षांत पहिल्यांदा तो तिच्याशी थेट बोलला होता. त्याच्याही ते ध्यानात आलं, आणि आता सुरुवात झालीच आहे तर, अशा चेहऱ्यानं तो पुढं म्हणाला, "तिनं घासलं तरी. तू कधी या घरात एक कपबशी विसळलीस? सोलिहलहून येतेस, हातमोजे घालून बसतेस, हातमोजे घालून जातेस."

"हे बघ हॉरेस, माझे हातमोजे..."

"एक मिनिट," क्लिफर्ड म्हणाला. तो विमा कंपनीत होता आणि भांडणात नेहमी एक मिनिट मागत असे. "जे झालं ते झालं. पण सासरे म्हणायचे की खरी किंमत एकाच नाण्याची आहे. साठ सालची तांब्याची पेनी. ती कशी आहे ते तर बघू."

हे सगळ्यांना ठाऊक होतं. जोबच्या घरात देवाच्या प्रार्थनेआधी मुलांना हे पाठ झालं होतं. अठराशे साठ साली टांकसाळीनं तांबं सोडलं आणि कांस्याच्या पातळ पेन्या काढल्या. पण त्याआधी जुन्या जाड तांब्याच्या थोड्याशा पाडून झाल्या होत्या, एकोणसाठच्या साच्यावर साठ ठोकून. नीट पाहिलं तर साठच्या पोटात एकोणसाठ दिसतो. जोबला ती चॅपेलच्या दानपिशवीत मिळाली. बंद पडलेली नाणी देवाला देण्याची गावाची जुनी सवय, आणि दान मोजायचं काम जोबकडं. त्यानं ती काढून घेतली आणि चालू नाण्यांतल्या दोन पेन्या पिशवीत टाकल्या. म्हणून ती चोरी नव्हे, देवाचा फायदाच झाला, असं तो आयुष्यभर सांगत आला. न विचारताही सांगत असे.

वॉर्डलनं सातवा खण ओढला. शेवटची खाच रिकामी होती.

"ऑलिव्ह," म्युरिएल म्हणाली, "ती घासून घासून संपवलीस की काय?"

"ती खाच रिकामीच होती! शपथेवर सांगते. मी त्या खाचेतली बनातसुद्धा झटकली."

"मग ती गेली कुठं?" क्लिफर्डनं हॉरेसकडं पाहिलं. "कपाटाची किल्ली कुणाकडं होती?"

"किल्ली कपाटालाच असते. तुला काय म्हणायचंय?"

"मी काही म्हणत नाही. विचारतोय. आमच्या कामात विचारावं लागतं."

"तुझ्या कामात! तुझ्या कामात माणूस मेला की तुम्ही आधी विचारता, नक्की मेला का!"

म्युरिएल उठून उभी राहिली. हॉरेसही उठला. ऑलिव्ह रडू लागली आणि रडता रडता हातरुमालानं टेबलाची कड पुसू लागली. वॉर्डल केक खात होता. अशा घरांत तो पुष्कळदा गेला असावा.

"बाबांच्या डोळ्यावर होती," थर्झा म्हणाली.

कुणाला ऐकू गेलं नाही. ती पुन्हा म्हणाली, "साठची पेनी मी बाबांच्या डोळ्यावर ठेवली होती. ते गेले तेव्हा."

टिबेट्सांच्या घरात मेलेल्या माणसाच्या पापण्यांवर ठेवायच्या पेन्या ठरलेल्या होत्या. जॉर्ज राजाच्या काळच्या, जाडजूड, रुंद काठाच्या दोन चाकपेन्या. नेमकं एक औंस वजन, म्हणून एरवी त्या स्वयंपाकघरातल्या तराजूत असत. त्यांनीच साखर तोलायची, त्यांनीच मनुका तोलायच्या, आणि घरात कुणी गेलं की धुवून डोळ्यांवर ठेवायच्या. शवपेटीचं झाकण लागायच्या आत त्या परत काढून घेण्याची रीत होती. आईच्या वेळी पेटीवाल्यानं घाई केली आणि एक चाकपेनी तिच्याबरोबर गेली. तेव्हापासून तराजूत एकच उरली होती, आणि दोन औंस तोलायचं असलं की थर्झा दोनदा तोलत असे.

"दुसरी हवी होती," ती म्हणाली. "मी कपाटातून ती आणली. त्यांची आवडती म्हणून."

मंगळवारची सकाळ तिच्या डोळ्यांसमोर होती. आत्या पाण्याचं घंगाळं धरून उभी होती. जोबचा डावा डोळा काचेचा होता. तरुणपणी साखळी जोडताना ठिणगी गेली, तेव्हापासून. रात्री तो अंड्याच्या कपात ठेवायचा. थर्झानं तो कपातून काढून, धुवून नीट बसवला, लोक बघायला येणार म्हणून, आणि त्यावर चाकपेनी ठेवली. काचेला तेवढं पुरे. साठची पेनी तिनं उजव्या डोळ्यावर ठेवली. भिंगाला लागायचा तो डोळा. त्यानंच ती पेनी शोधली होती, आता त्यानंच ती पाहावी, असं तिला वाटलं होतं. आत्या तेव्हा म्हणाली होती, "बरोबर आहे." तेवढंच.

"म्हणजे ती आता..." हॉरेसनं चॅपेलच्या दिशेनं बोट केलं.

"नाही. या खेपेला मी हात पसरून उभी राहिले. दोन्ही घेतल्या, मगच झाकण लावू दिलं."

ती स्वयंपाकघरात गेली आणि अंड्याचा कप घेऊन आली. डोळा जोबबरोबर गेला होता. त्याच्या जागी कपात तपकिरी, चॉकलेटच्या वडीसारखी पेनी होती.

वॉर्डलनं हातातला केक खाली ठेवला. रुमालानं बोटं पुसली, पेनी कडेनं धरली आणि भिंग लावलं.

"साठच्या खाली एकोणसाठ आहे," तो म्हणाला. "स्वच्छ दिसतोय. कातडी जशीच्या तशी." मग त्यानं ऑलिव्हकडं पाहिलं. "ही तुमच्या हाती लागली नाही, बाई."

"कशी लागणार," ऑलिव्ह म्हणाली, "ती त्या दिवशी कामावर होती."

वॉर्डलनं एका कागदावर आकडा लिहून थर्झापुढं सरकवला. घरमालकानं मागितलेल्या रकमेपेक्षा तो थोडा जास्त होता. कौलं शाकारायला पुरेल एवढा जास्त. हॉरेस वाकला, म्युरिएलही वाकली, दोघांची डोकी एकमेकांवर आपटली आणि दोघंही एकदम "माफ कर" म्हणाली.

"झालं तर मग," क्लिफर्ड म्हणाला. "सगळं नीट झालं."

"डोळ्यावरची पेनी विकत नाहीत," केझायाआत्या म्हणाली.

ती आतापर्यंत झोपली आहे असं सगळ्यांना वाटलं होतं.

"आत्या, ती तराजूतली नाही. ही कपाटातली आहे," हॉरेस म्हणाला.

"डोळ्यावर ठेवली की ती डोळ्यावरची. घरात राहते. पुढच्याला लागते. विकत नाहीत, खर्चत नाहीत, बाहेर देत नाहीत."

"आत्या, आता एकोणीसशे एकाहत्तर साल आहे," म्युरिएल म्हणाली. "गेल्या महिन्यात शिलिंगचा हिशेबसुद्धा मोडीत निघाला."

"शिलिंग मी कुणाच्या डोळ्यावर ठेवलेला नाही."

"पण हेल्सोवेनलाही असंच मानतात," ऑलिव्ह हळूच म्हणाली. आत्यानं तिच्याकडं पाहिलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं, आणि मान हलवली. ऑलिव्ह खुर्चीत ताठ बसली. तिला आता एका बाजूची माणसं मिळाली होती, आणि ती बाजू थर्झाला घराबाहेर काढणारी होती, हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"आणि विकली तर काय होतं?" क्लिफर्डनं विचारलं.

"आमच्या नोआकाकानं विकली होती. आजीच्या डोळ्यावरची. बियर प्यायला."

"मग काय झालं त्याला?"

"काही नाही. एकोणनव्वदाव्या वर्षी गेला. झोपेत."

"बघा," क्लिफर्ड म्हणाला.

"पण त्यानंतर घरातलं कुणी त्याच्याशी बोललं नाही. समोरच्याच घरात राहायचा. रोज सकाळी दारात उभा राहायचा, आणि आम्ही पोरं दुसऱ्या बाजूनं शाळेला जायचो. मेला तेव्हा डोळ्यांवर ठेवायला घरच्या पेन्या घेऊन कुणी गेलं नाही. त्याच्या बायकोनं चमचे ठेवले."

हॉरेसनं म्युरिएलकडं पाहिलं आणि म्युरिएलनं हातमोज्यांकडं.

"आत्याचं खरं आहे," हॉरेस म्हणाला. हे त्याला महागात पडत होतं, ते त्याच्या आवाजात कळत होतं. "रीत ती रीत. मी नाही विकणार. मग थर्झा, तू येशील आमच्याकडं. दोन खोल्या आहेत. कसंतरी होईल."

"आमच्याकडंही येऊ शकते," म्युरिएल म्हणाली. "पाहुणे काही रोज येत नाहीत."

दोघंही तिच्याकडं पाहत होती. नऊ वर्षांनी एका बाजूला उभी होती, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर एकच प्रार्थना होती, की तिनं दुसऱ्याचं घर निवडावं. थर्झाला हॉरेसच्या जिन्यातला रॉकेलचा वास आठवला. म्युरिएलच्या त्या खोलीतली पलंगपोसावरची सुरकुती न पडलेली फुलं आठवली. मग तिला मागच्या अंगणातली वडिलांची भट्टी दिसली, जिच्यावर ती आता कपडे वाळत घालायची. ती उठून कागद वॉर्डलला परत द्यायला निघाली. हात पुढं गेलासुद्धा.

"कुठल्या डोळ्यावर?" आत्यानं विचारलं.

"काय, आत्या?"

"ती पेनी. कुठल्या डोळ्यावर ठेवली होतीस?"

थर्झानं आत्याकडं पाहिलं. आत्याचे डोळे शेकोटीच्या उजेडात ओलसर, अगदी जागे होते. ते थर्झाच्या तोंडावरून हलले नाहीत. थर्झा खोटं बोलत नाही, हे घरात ब्रिटानियाच्या त्रिशूळाइतकंच ठरलेलं होतं. लहानपणी भावंडांच्या खोड्यांचा निकाल तिला विचारून लागायचा.

"डाव्या," थर्झा म्हणाली.

"डावा!" हॉरेस म्हणाला. "डावा म्हणजे काचेचा!"

"काचेच्या डोळ्यावर पेनी कशाला ठेवायची?" क्लिफर्डनं विचारलं.

"दोन्हीकडं सारखं दिसावं म्हणून," ऑलिव्ह ताबडतोब म्हणाली. या बाबतीत तिला शंका नव्हती.

"काचेला डोळा म्हणत नाहीत," आत्या म्हणाली. "ती वुस्टरच्या एका दुकानातून आणली होती. मी होते बरोबर. तिच्यावर ठेवलेली पेनी म्हणजे बशीवर ठेवलेली पेनी." ती वॉर्डलकडं वळली. "घेऊन जा, बाबा. आणि केक संपव. मनुका महाग झाल्यात."

"आत्या, तुला नक्की आठवतंय का, डावाच?" म्युरिएलनं विचारलं.

"घंगाळं माझ्या हातात होतं. मला नाही आठवणार तर कुणाला."

वॉर्डल थर्झाच्या नावाचा चेक लिहून, पेनी कागदात गुंडाळून आतल्या खिशात ठेवून गेला. कपाट त्यानं घेतलं नाही. गुलाबी नाण्यांना राहायला कुठंतरी जागा हवी, असं ऑलिव्ह म्हणाली आणि कुणी तिला विरोध केला नाही. हॉरेसनं माळ्यावरून शिवणयंत्र खाली आणलं आणि म्युरिएलच्या गाडीत ठेवलं. म्युरिएलनं ते दुसऱ्या बाजूनं काढून परत ओसरीत ठेवलं. पण हे सगळं करताना दोघं एकमेकांशी बोलत होती, "सांभाळून", "तुझा पाय", एवढंच, तरी बोलत होती.

थर्झा मागं स्वयंपाकघरात कपबश्या विसळत होती. आत्या काठी टेकत आली आणि तराजूशी थांबली. पारड्यातली चाकपेनी तिनं उचलली, तळहातावर तोलून पाहिली आणि परत ठेवली.

"माझ्या वेळी," ती म्हणाली, "ही उजव्या डोळ्यावर ठेव."

"बरं."

"आणि डाव्यावर जे विकायचं असेल ते."

"आत्या, तुझे तर दोन्ही डोळे खरे आहेत."

"हे क्लिफर्डला कुठं माहीत आहे?" आत्या म्हणाली, आणि केकचा उरलेला तुकडा बशीत घालून बाहेर गेली.